माळरानाचे अंतर आणि सेन्सरचे माप

कुंडलिका नदीने जालना शहराचे दोन भाग केले आहेत. एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवा जालना वसलेला असून, यांपैकी कोणत्याही भागातून शहराबाहेर पडणारा रस्ता थोड्याच वेळात कापूस, सोयाबीन, तूर आणि मोसंबीच्या शिवारात शिरतो. जालना जिल्ह्यात एकही राष्ट्रीय उद्यान नाही. येथील वन्यजीवन कुंपणाच्या आत राखलेले नसून ते गायरानांवर, पडीक माळांवर, शेतांच्या बांधांवर आणि तलावांच्या काठांवर माणसाच्या वावराशी जुळवून घेत टिकून राहिलेले आहे. काळविटांचे कळप, रोही, खोकड, क्वचित दिसणारा लांडगा, हिवाळ्यात माळावर घिरट्या घालणारे भोवत्या पक्षी, तारेवर बसलेला नीलपंख हे या भागातील छायाचित्रकाराचे विषय होत, आणि त्या सर्वांना जोडणारा एक समान धागा म्हणजे त्यांच्यात आणि माणसात असलेले मोठे, उघडे अंतर. क्रॉप-सेन्सर कॅमेरा घ्यावा की फुल-फ्रेम, या नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर कॅमेऱ्याच्या किमतीत किंवा प्रतिष्ठेत शोधण्याआधी या अंतरात शोधावे लागते, हे दाखवून देणे हा प्रस्तुत प्रकरणाचा हेतू आहे.

दोन मापे कोठून आली

कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश ज्या चकतीवर पडतो आणि विद्युतसंकेतात बदलतो, तिला सेन्सर म्हणतात. फुल-फ्रेम सेन्सरचे माप ३६ × २४ मिलिमीटर असते. हे माप डिजिटल युगातले नव्हे. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी वापरून जी चौकट रूढ केली, तीच पुढे जगभर प्रमाण मानली गेली. डिजिटल कॅमेऱ्यांच्या आरंभीच्या काळात एवढ्या आकाराचा निर्दोष सेन्सर बनवणे फार खर्चाचे होते, त्यामुळे निकॉनने १९९९ साली आणलेल्या डी१ या कॅमेऱ्यात सुमारे २४ × १६ मिलिमीटरचा लहान सेन्सर बसवण्यात आला. कॅननचा १डीएस हा फुल-फ्रेम कॅमेरा २००२ साली आला, तर निकॉनने आपला पहिला फुल-फ्रेम कॅमेरा, डी३, २००७ साली बाजारात आणला.

तोपर्यंत लहान सेन्सरची परंपरा मात्र पक्की रुजली होती. जुन्या फिल्मच्या चौकटीचा कडेचा भाग छाटून मधला तेवढा ठेवावा तसे त्याचे क्षेत्र असल्यामुळे त्याला क्रॉप-सेन्सर हे नाव पडले. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्म यांच्या या वर्गातील सेन्सरचे माप सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटर, तर कॅननचे सुमारे २२.३ × १४.९ मिलिमीटर असते. फुल-फ्रेमची रुंदी या रुंदीपेक्षा जितक्या पट असते, त्या पटीला क्रॉप-गुणक म्हणतात. तो निकॉन आणि सोनीसाठी १.५ आणि कॅननसाठी १.६ धरला जातो.

सहा मिलिमीटरचे काळवीट

क्रॉप-सेन्सरवर ५०० मिलिमीटरची लेन्स लावली की ती ७५० मिलिमीटरची होते, असे दुकानात आणि छायाचित्रकारांच्या गप्पांत सर्रास सांगितले जाते. हे विधान दृश्याच्या व्याप्तीपुरते खरे आहे, पण त्यातून जो अर्थ सहसा काढला जातो तो खरा नाही. ते समजण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे.

पूर्ण वाढलेल्या काळविटाच्या शरीराची लांबी सुमारे १.२ मीटर धरली आणि ते छायाचित्रकारापासून १०० मीटरवर आडवे उभे आहे असे मानले, तर ५०० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स त्याची प्रतिमा मूळ आकाराच्या दोनशेव्या भागाइतकी पाडते, म्हणजे सेन्सरवर त्या काळविटाची लांबी ६ मिलिमीटर भरते. नाभीय अंतर म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर स्पष्ट उमटते ते अंतर. लेन्सच्या मागे कोणता सेन्सर आहे याची लेन्सला काहीच कल्पना नसते, म्हणून फुल-फ्रेम असो वा क्रॉप, ही लांबी ६ मिलिमीटरच राहते. फरक पडतो तो चौकटीत: ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर ते काळवीट रुंदीचा सहावा हिस्सा व्यापते आणि २३.५ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर सुमारे चौथा हिस्सा. छापील छायाचित्राच्या कडा कात्रीने छाटल्या तर मधले काळवीट मोठे होत नाही, भोवतालची जागा तेवढी कमी होते. क्रॉप-सेन्सरही याहून वेगळे काही करत नाही.

हाच हिशेब पक्ष्यांनाही लागू पडतो. नीलपंखाची लांबी सुमारे ३० सेंटिमीटर असते, त्यामुळे २५ मीटरवरच्या तारेवर बसलेला नीलपंख आणि १०० मीटरवर चरणारे काळवीट यांची प्रतिमा त्या लेन्सखाली सारखीच, सहा मिलिमीटरची पडते. प्राण्याचा आकार आणि त्याचे अंतर यांचे गुणोत्तर कळले की सेन्सरवर त्याला किती जागा मिळेल हे घरबसल्या काढता येते, आणि कॅमेरा विकत घेण्याआधी करण्यासारखा सर्वांत उपयुक्त अभ्यास हाच होय.

पिक्सेलची दाटी

प्रतिमा दोन्हीकडे सहाच मिलिमीटरची असेल, तर खरा प्रश्न असा उरतो की त्या सहा मिलिमीटरांत सेन्सर किती बारकावे टिपतो. सेन्सरवर प्रकाश मोजणारे असंख्य सूक्ष्म घटक ओळीने मांडलेले असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात, आणि एका मिलिमीटरमध्ये ते किती बसवले आहेत यावर दूरच्या प्राण्याचा तपशील अवलंबून असतो.

चोवीस मेगापिक्सेलच्या सर्वसाधारण फुल-फ्रेम कॅमेऱ्यात ३६ मिलिमीटर रुंदीवर ६००० पिक्सेल असतात, म्हणजे मिलिमीटरला सुमारे १६७. तेव्हा वरील काळविटाच्या वाट्याला लांबीत सुमारे १००० पिक्सेल येतात. निकॉनच्या २०१६ सालच्या डी५०० या २०.९ मेगापिक्सेलच्या क्रॉप कॅमेऱ्यात मिलिमीटरला सुमारे २३७ पिक्सेल असल्यामुळे त्याच काळविटाला सुमारे १४२० पिक्सेल मिळतात. कॅननच्या २०२२ सालच्या आर७ या ३२.५ मेगापिक्सेलच्या क्रॉप कॅमेऱ्यात ही संख्या सुमारे १८७० वर जाते. शिंगांवरची पिळदार वळणे, डोळ्याभोवतीचे पांढरे कडे, मानेवरचे केस हे सारे या पिक्सेलांतूनच उभे राहत असल्यामुळे, दूरच्या विषयासाठी क्रॉप-सेन्सरला जी ख्याती मिळाली तिचे खरे कारण लहान माप नसून पिक्सेलांची दाटी हे आहे.

याचा पुरावा उलट बाजूनेही मिळतो. निकॉनच्या २०१७ सालच्या डी८५० या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात ४५.७ मेगापिक्सेल असल्यामुळे त्याची दाटी डी५०० च्या अगदी जवळ जाते. त्याच्या चित्राचा क्रॉप-सेन्सरएवढा मधला भाग कापून घेतला तरी सुमारे १९.४ मेगापिक्सेलचे चित्र उरते. अशा कॅमेऱ्यात फुल-फ्रेम आणि क्रॉप हे दोन्ही पर्याय एकत्र नांदतात, मात्र त्यासाठी किंमत बरीच अधिक मोजावी लागते आणि प्रत्येक चित्राची फाइलही मोठी होते.

दाटीची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने पळणारे काळवीट सेकंदाच्या हजाराव्या भागात दोन सेंटिमीटर पुढे सरकते. कॅमेरा स्थिर धरला असेल, तर १०० मीटरवरून ५०० मिलिमीटर लेन्सखाली हे सरकणे सेन्सरवर ०.१ मिलिमीटर, म्हणजे डी५०० वर सुमारे २४ पिक्सेल भरते आणि कडा फरकटलेल्या दिसतात. कॅमेरा प्राण्याबरोबर फिरवला तरी पायांची हालचाल उरतेच. म्हणून दाट पिक्सेलांच्या कॅमेऱ्याला अधिक वेगवान शटर, अधिक स्थिर आधार आणि अधिक चांगली लेन्स लागते. लेन्सच सुमार असेल, तर वाढलेले पिक्सेल तिच्या उणिवाच अधिक बारकाईने नोंदवतात.

प्रकाशाचा हिशेब

फुल-फ्रेमचा मुख्य गुण म्हणून कमी प्रकाशातील स्वच्छ चित्राचा उल्लेख केला जातो. अंधारात काढलेल्या चित्रात जे रवाळ ठिपके दिसतात त्यांना नॉइज म्हणतात. त्याचे मूळ कॅमेऱ्याच्या दोषात फारसे नसून प्रकाशाच्याच स्वभावात आहे, कारण प्रकाश कणाकणाने येतो आणि त्या कणांच्या संख्येत नैसर्गिक चढउतार असतो. एखाद्या ठिकाणी १०,००० प्रकाशकण पडले तर चढउतार साधारण १००, म्हणजे एक टक्का असतो. १०० च कण पडले तर तो १०, म्हणजे दहा टक्के होतो आणि डोळ्याला जाणवतो. जितका प्रकाश गोळा होईल तितके चित्र स्वच्छ, असा हा नियम आहे.

फुल-फ्रेमचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर आणि दीड गुणकाच्या क्रॉप-सेन्सरचे सुमारे ३६७ चौरस मिलिमीटर असल्यामुळे, सारख्याच उजेडाने दोन्ही चौकटी पूर्ण भरल्या तर पहिला दुसऱ्याच्या सुमारे २.३५ पट प्रकाश गोळा करतो. प्रकाश दुप्पट होण्याला छायाचित्रणात एक स्टॉप म्हणतात, त्या भाषेत हा फरक सव्वा स्टॉपचा होतो. पण या विधानातील ‘चौकटी पूर्ण भरल्या तर’ ही अट कळीची आहे. आधीच्या उदाहरणातील काळवीट दोन्ही सेन्सरवर सहाच मिलिमीटर व्यापते आणि त्या सहा मिलिमीटरांवर येणारा प्रकाश त्याच लेन्सच्या त्याच छिद्रातून आलेला असतो. फुल-फ्रेमला मिळालेला जादा प्रकाश काळविटाभोवतीच्या गवताचा आणि आभाळाचा असतो, आणि चित्र कापून काळवीट मोठे करताना तोच टाकून दिला जातो. म्हणून लेन्स तीच आणि अंतर तेच असेल, तर एकाच पिढीच्या दोन कॅमेऱ्यांत काळविटाच्या प्रतिमेतील नॉइज सारख्याच आकाराच्या छपाईत जवळजवळ सारखा दिसतो.

हीच तुलना चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोब्याच्या जंगलात नेली, की निकाल बदलतो. सफारीच्या गाडीपासून २० मीटरवर आडव्या उभ्या असलेल्या वाघाच्या शरीराची लांबी शेपूट वगळून दोन मीटर धरली, तर ३०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा ३० मिलिमीटरची पडते; ती फुल-फ्रेममध्ये बसते, पण क्रॉप-सेन्सरच्या चौकटीबाहेर जाते. क्रॉप-सेन्सरवर तेवढीच भरलेली चौकट मिळवण्यासाठी २०० मिलिमीटरवर यावे लागते. दोन्ही लेन्सचे छिद्र एफ/४ ठेवले, म्हणजे नाभीय अंतराच्या एकचतुर्थांश व्यासाइतके उघडले, तर पहिल्या लेन्सचे छिद्र ७५ मिलिमीटर आणि दुसरीचे ५० मिलिमीटर व्यासाचे असते, आणि मोठ्या छिद्रातून सव्वादोनपट प्रकाश आत येतो. संध्याकाळच्या झाकोळलेल्या जंगलात हा फायदा खरा आणि डोळ्याला दिसणारा आहे. फुल-फ्रेमचा लाभ, थोडक्यात, ज्याला चौकट भरता येते त्यालाच मिळतो. मग ती जवळ गेल्यामुळे भरो, वा लांब आणि मोठ्या छिद्राची लेन्स परवडल्यामुळे भरो.

मराठवाड्याचे ऊन आणि मृगजळ

जालन्याच्या माळावर या हिशेबात हवेचाही वाटा धरावा लागतो. उन्हाळ्यात सूर्य थोडा वर आला की तापलेल्या काळ्या जमिनीलगतची हवा वर उठू लागते, तिच्या थरांची घनता क्षणोक्षणी बदलते आणि त्यांतून येणारे प्रकाशकिरण वाकडेतिकडे होतात. डोळ्याला जे मृगजळ म्हणून दिसते तेच लेन्समधून पाहताना काळविटाच्या पायांच्या वितळलेल्या कडा म्हणून दिसते. अशा वेळी ना पिक्सेलांची दाटी उपयोगी पडते, ना फुल-फ्रेमचे क्षेत्रफळ, कारण तपशील कॅमेऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच हवेत हरवलेला असतो. दुपारी १०० मीटरवरून काढलेले चित्र अस्पष्ट आले म्हणून कॅमेरा बदलणाऱ्याने आधी तेच चित्र सूर्योदयाच्या वेळी काढून पाहावे.

पहाटेची हवा शांत असते, पण उजेड थोडा असतो, आणि तेथे आयएसओ, म्हणजे सेन्सरकडून आलेला संकेत किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारे माप, चढवावे लागते. या घडीला छायाचित्रकाराच्या हाती असलेला सर्वांत मोठा उपाय म्हणजे लेन्सचे छिद्र. एफ/५.६ च्या ५०० मिलिमीटर लेन्सचे छिद्र सुमारे ८९ मिलिमीटर व्यासाचे, तर एफ/४ च्या ५०० मिलिमीटर लेन्सचे १२५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि तिच्यातून सुमारे दुप्पट प्रकाश येतो. या दुपटीची किंमत पैशांत आणि वजनातही मोजावी लागते: निकॉनच्या २००-५०० मिलिमीटर एफ/५.६ लेन्सचे वजन २.३ किलो आहे, तर त्याच कंपनीच्या ५०० मिलिमीटर एफ/४ लेन्सचे तीन किलोंहून अधिक. त्या तुलनेत डी५०० चे वजन ८६० ग्रॅम आणि डी८५० चे १००५ ग्रॅम असल्याने कॅमेऱ्यांतला फरक नगण्य ठरतो. ज्वारी भरलेली कापडी पिशवी गाडीच्या खिडकीत किंवा बांधावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवणे, हा वजन पेलण्याचा आणि हादरे शोषण्याचा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे.

काळविटाचा रंग हीही एक कसोटी आहे. प्रौढ नराची पाठ गडद तपकिरी ते काळी आणि पोट पांढरेशुभ्र असते. कडक उन्हात पांढऱ्या भागाचा तपशील जपायचा तर काळा भाग अंधारात जातो, आणि नंतर संगणकावर तो उजळताना तेथील नॉइज वर येतो. सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद छटांमधला जेवढा पल्ला सेन्सर एकाच वेळी टिपू शकतो, त्याला डायनॅमिक रेंज म्हणतात. भरलेल्या चौकटीत फुल-फ्रेम येथेही सरस ठरतो. कापून घेतलेल्या सहा मिलिमीटरांत मात्र हाही लाभ बराचसा आटतो, आणि सकाळच्या तिरप्या, मऊ उन्हाची वाट पाहणे हाच अधिक परिणामकारक उपाय ठरतो.

तलावाकाठी आणि परिसरचित्रात

सर्वच विषय दूरचे आणि एकटे नसतात. जालना शहराला पाणी पुरवणाऱ्या निजामकालीन घाणेवाडी जलाशयावर किंवा गोदावरीवरील पैठणच्या नाथसागरावर, जेथे १९८६ साली जायकवाडी पक्षी अभयारण्य घोषित झाले, हिवाळ्यात पाणपक्षी थव्याने येतात. एकट्या बदकाच्या पिसांचा तपशील हवा असेल तर पिक्सेलांची दाटी पुन्हा कामी येते. उडणाऱ्या रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा चौकटीत पकडताना मात्र फुल-फ्रेमची रुंद चौकट सोयीची पडते, कारण पुढच्या क्षणी पक्षी कोठे वळेल हे ठाऊक नसते आणि कडेला मोकळी जागा असली की पंख कापले जात नाहीत.

परिसरचित्रांत, म्हणजे प्राण्याबरोबर त्याचे घरही दाखवणाऱ्या चित्रांत, फुल-फ्रेमचा पूर्ण उपयोग होतो. कापणी झालेल्या तुरीच्या रानात उभा असलेला काळविटांचा कळप आणि त्यामागे दिसणारे गाव, अशा चित्रात प्राणी चौकटीत लहान असतो, पण भोवतालचे रानही विषयाचाच भाग असते. तेथे जादा क्षेत्रफळाने गोळा केलेला प्रकाश कापून टाकावा लागत नाही. जालन्यासारख्या जिल्ह्याच्या वन्यजीवनाची खरी गोष्ट, म्हणजे पिकांचे नुकसान सोसणारा शेतकरी आणि उरल्यासुरल्या माळावर तगलेला प्राणी यांच्या सहवासाची गोष्ट, अशाच चित्रांतून सांगता येते.

निवडीचा क्रम

या सर्वांवरून निवडीचा एक क्रम ठरतो. सर्वप्रथम विषय आणि त्याचे नेहमीचे अंतर पाहावे. त्यानंतर त्या अंतराला पुरेल अशी परवडणारी सर्वांत चांगली लेन्स निवडावी. तिसऱ्या क्रमांकावर सेन्सरच्या पिक्सेलांची दाटी आणि कॅमेऱ्याची फोकस साधण्याची क्षमता यावी, आणि सेन्सरच्या मापाचा विचार सर्वांत शेवटी करावा. मोकळ्या माळावर ५०० ते ६०० मिलिमीटरपर्यंतच्या झूम लेन्सने काम करणाऱ्या आणि मर्यादित खर्चात राहणाऱ्या छायाचित्रकारासाठी दाट पिक्सेलांचा क्रॉप कॅमेरा हीच शहाणपणाची निवड आहे. जो वर्षातला बराच काळ जंगल सफारीत, संधिप्रकाशात आणि जवळच्या मोठ्या प्राण्यांबरोबर घालवतो, ज्याला परिसरचित्रे काढायची आहेत, किंवा ज्याला मोठ्या छिद्राच्या लांब लेन्स परवडतात, त्याने फुल-फ्रेम घ्यावा. दोन्ही प्रकारचे काम करणाऱ्यासाठी पंचेचाळीस मेगापिक्सेलच्या घरातला फुल-फ्रेम कॅमेरा योग्य आहे, मात्र त्याची किंमत लेन्सच्या पैशांतून वळती होणार नसेल तरच. महागड्या फुल-फ्रेमवर ३०० मिलिमीटरची साधी लेन्स लावून माळावर जाणाऱ्यापेक्षा, जुन्या क्रॉप कॅमेऱ्यावर ५०० मिलिमीटरची चांगली लेन्स लावणारा काळविटाचे अधिक तपशीलवार चित्र घेऊन परत येतो.

अंतर कमी करण्याचा मोह मात्र या हिशेबात कोठेही बसत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार काळवीट आणि लांडगा हे दोन्ही पहिल्या अनुसूचीत असून, या कायद्याने केलेल्या शिकारीच्या व्याख्येत वन्य प्राण्याचा पाठलाग करणे आणि त्याला हाकणे यांचाही समावेश होतो. चौकट भरावी म्हणून गाडी किंवा मोटारसायकल कळपामागे घालणारा छायाचित्रकार केवळ चित्र बिघडवत नाही. तो उन्हाळ्यात आधीच पाण्याला महाग झालेल्या प्राण्याची शक्ती खर्ची घालतो, गाभण माद्या आणि पाडसे यांना कळपापासून तोडतो आणि कायदाही मोडतो. लांब लेन्स आणि दाट सेन्सर यांची खरी उपयुक्तता येथेच आहे: त्यांच्यामुळे १०० मीटर हे अंतर अडचण न राहता प्राण्याला दिलेली मोकळीक ठरते, आणि चरण्यात गुंतलेले, कान न टवकारलेले काळवीट हाच चांगल्या वन्यजीव छायाचित्राचा पहिला निकष ठरतो.